काल काय भाजी होती?

माणसाचा दम त्याच्या कालच्या भाजीवरून मोजता येतो, असं मानणारा माणूस भूतलावर एकच असावा आणि तो नेमका माझा सासरा निघाला. मामाजी सिहोऱ्याच्या शाळेत खेळाचे मास्तर होते. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. आजही पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धावतात आणि मामाजी जुन्या स्कूटरवरून त्यांच्यामागे फटफटत जातात. मध्येच एखादीला गाठून विचारतात, "काल काय भाजी होती वं?" पोरगी फोडणीपासून सांगू लागली, तर तिला आणखी एक चक्कर. दोन शब्दांत आटोपलं, तर मेहनत हवी तेवढी झाली. नुसतेच डोळे वटारले, तर तिला तिथल्या तिथे खाली बसवायचं. काही चतुर पोरी घरून उत्तर पाठ करून येऊ लागल्या, तेव्हा मामाजींनी "भात कोणं रांधला?" असा पेपरच बदलला.

हे शास्त्र जरा सुधारावं म्हणून मी तुमसरहून पावलं नि ठोके मोजणारं घड्याळ नेलं. ते बांधून मामाजी स्कूटरवर तुमसरला जाऊन आले. रस्त्यातल्या खड्ड्यांनी घड्याळाला इतकं हलवलं, की त्याने भरपूर चालल्याबद्दल मामाजींचं अभिनंदन केलं. "जावईबापू, हे घडी तुमीच ठेवा. हिले बसलेला माणूस अन् चालणारा माणूस वळखता येत नाही." तेव्हापासून ते माझ्या मनगटावर आहे. माझं त्याने अजून एकदाही अभिनंदन केलेलं नाही.

त्यांची धाकटी लेक, म्हणजे माझी मेहुणी, भरतीला उतरली तेव्हा या शास्त्राची खरी परीक्षा झाली. पोरगी मुळातच बडबडी. मीठ कोणी जास्त टाकलं, त्यावर आई काय बोलली, सगळं ती धावता धावता ऐकवायची. मैदानी चाचणी आठवड्यावर आली असताना एका सकाळी तिने उत्तर दिलं, "वांगे." मामाजींनी स्कूटर बंद केली. "घरी चाल." चौकशीत कळलं, की पोरगी भीतीपोटी संध्याकाळीही चोरून धावत होती. मामाजींनी तिचे बूट काढून घेतले आणि थेट सासूबाईंच्या शालूच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मायलेकी दोघीही भडकल्या.

"बाकीच्या पोरी धावून राहिल्या, बाबा! मी कायले घरी बसू?"

"तू थकली हायेस म्हणून."

लेकीपुढे एवढे ठाम, पण अंगणात येऊन मला म्हणाले, "माहं चुकलं त पोरीचं वर्ष जाईन, जावईबापू." त्यांचा आवाज असा कापरा झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. बूट बाहेर निघाले ते चाचणीच्या तोंडावर. चाचणीच्या दिवशी आठशे मीटर धावून ती मैदानाच्या फाटकाबाहेर आली आणि कोण पुढे होती, कोणाची लेस सुटली, हे सगळं एका दमात सांगू लागली. आम्ही खूश. मामाजी मात्र पुटपुटले, "एवढं बोलून राहिली, म्हंजे आखरीले जोर राखला हिनं." यथावकाश यादीत तिचं नाव लागलं.

आता ती गडचिरोलीकडे नोकरीला आहे. रोज संध्याकाळी फोन करते. परवा मी मामाजींबरोबर पाळीवर फिरून परतलो. हल्ली ती पाळ त्यांना चढ वाटते. अंगणात पाऊल टाकतो तोच फोन वाजला. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवरच असतो.

"बाबा, काल काय भाजी होती?"

साऱ्या गावच्या फोडण्या ऐकलेला हा माणूस एवढंच म्हणाला, "दोडके."

पलीकडून लगेच आवाज आला, "बाबा, बसा."

उभ्या जन्मात कोणाचं न ऐकलेले मामाजी निमूटपणे पायरीवर बसले.