माझ्या दिराचं भारतभ्रमण

माझ्या धाकट्या दिराने जेवढा भारत पाहिला तेवढा रेल्वेच्या टीसीनेही पाहिला नसेल, आणि तोही भिलाईच्या बाहेर पाऊल न टाकता. आमचं गाव आहेच तसं. पोलादाचा प्लांट उभा राहिला तेव्हा देशभरातून माणसं आली. माझे सासरेही भंडाऱ्याकडची धानाची शेती भावावर सोपवून इथे आले. आमच्या क्वार्टरच्या एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला मल्याळी, मागे बंगाली. बाकीचे लोक अशा शेजाऱ्यांशी सणावारी फराळाची ताटं बदलून थांबतात. माझा दीर त्यांच्या मुलींच्या प्रेमात पडायचा.

खरं तर ‘पडायचा’ हा शब्द बरोबर नाही. पडलेल्या माणसाला लागतं. याला कधी खरचटलंसुद्धा नाही. पावर हाउस नावाच्या बाजारपेठेत स्कूटरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात हा काउंटरवर असतो. एखादी मुलगी मोडका आरसा घेऊन आली, की गाडी कुठे पडली हे सगळेच विचारतात. हा विचारायचा, पडल्यावर घरचे काय बोलले? आणि मग खरोखर ऐकत बसायचा. एवढंच त्याचं भांडवल. त्यावर त्याने अर्धा देश पालथा घातला.

सध्या कुठला प्रांत चालू आहे हे मला स्वयंपाकघरात कळायचं. संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना तो ओट्याला टेकून उभा राहायचा आणि बातम्या द्यायचा. बंगालच्या दिवसांत त्याने मोहरीचं तेल आणलं आणि आठवडाभर सगळं घर खोकत होतं. केरळच्या दिवसांत ओणमला पांढरं मुंडू नेसून निघाला आणि गेटाशीच दोन्ही हातांनी ते धरून परत आला. तेलुगू मुलीकडून गोंगुराच्या लोणच्याची बरणी आली तेव्हा तर तो हरखूनच गेला होता. “वयनी, असं तुमी जिंदगीत खाल्लं नसन!” सासूबाईंनी बोट बुडवून चाटलं आणि म्हणाल्या, “अंबाडी आहे रे बापा. लहानपणापासून खाऊन राहिली मी.”

या प्रकरणांत कधी भांडण झालं नाही. कुणाला हैदराबादला नोकरी लागे, कुणाचे वडील रिटायर होऊन कुटुंबासकट गावी परतत, कुणाचं लग्न ठरे. हा तिच्या गेटापर्यंत जायचा, “अच्छा, चलता हूँ,” म्हणायचा आणि घरी येऊन पोटभर जेवायचा. बंगाली मुलीच्या लग्नात तर याने पाहुण्यांना रसगुल्ले वाढले. “तुले वाईट नाही वाटलं का रे?” मी विचारलं. “कायचं वाईट, वयनी? ते बी खुश, मी बी खुश.” हे सगळं प्रेम हिंदीत चालायचं. मराठी आमच्या घरात, टॉवेल कुठे आहे आणि पाण्याची मोटर बंद कर, एवढ्यापुरती.

मग शेजारच्या दुर्गची आली. तीही आरशासाठीच. काउंटरवरून आरसा निसटला, तिच्या पायावर पडला आणि तिच्या तोंडून निघालं, “आई गं!” त्या संध्याकाळी दिराने पोळीला हात लावला नाही.

“घोटाळा झाला, वयनी. पोरगी मराठी निघाली.”

“मग चांगलंच झालं ना.”

“काय चांगलं? मराठीत मले खोटं बोलताच येत नाही. तिच्यासंगं बोलतो, तं घरीच बोलून राहिलो असं वाटते.”

हे प्रकरण दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत टिकलं. स्वयंपाकघरात नवीन काही आलं नाही. उलट माझा रोजचा झुणका तो विचारपूर्वक खाऊ लागला, कारण तिच्या आईचाही तसाच असतो. एकदा त्याने मला विचारलं, “आपल्यात साखरपुड्याले काय काय लागते?” मी लाटणं खाली ठेवलं. मला फार आनंद झाला होता.

मे महिन्यात तिला गोंदियाचं स्थळ आलं. तिने याला सरळ सांगितलं, रविवारी घरी येऊन बाबांशी बोल, नाहीतर मी गोंदियाला हो म्हणते. शुक्रवारी हा दुर्गला जाऊन आला.

“सांगून आलो वयनी. मले नाही जमत म्हटलं.”

“ते काय म्हणाली?”

“मले सोडाले गेटावर आली.” मग तो हसला. “मी ‘चलता हूँ’ म्हणणार होतो, तं सवयीनं तोंडातून निघालं, ‘येतो’. तं ते म्हणते, ‘ये. रविवारी वाट पाहते मी.’”

“मग जा ना रविवारी.”

“अवो, निघतांनी सारेच येतो म्हंतात. त्याचा काय अर्थ असते?”

“ऐकणाऱ्यावर असते तो,” मी म्हणाले.

रविवारी त्याने सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि अंगणात स्कूटर पुसायला घेतली. पुसून झाली, पुन्हा पुसली. जेवणं झाली, चहा झाला. दुर्ग आमच्या दारापासून अर्ध्या तासावर आहे. मी दोनदा खिडकीतून पाहिलं आणि मनात म्हटलं, आता निघेल. त्याचा हात धरून त्याला गाडीवर बसवायला हवं होतं. मी ते केलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

ती आता गोंदियाला असते. त्या लग्नात हा वाढायला गेला नाही. त्यानंतर नवा प्रांतही आला नाही. पंजाब राहिलाय की रे, असं मी एकदा चिडवलं, तर तो नुसता हसला आणि त्याने पोळीवर तूप मागून घेतलं.

पूर्वी सकाळी दुकानात निघताना तो दारातून “येतो वयनी!” असं ओरडायचा आणि मी आतून “ये” म्हणायचे. आता तो “चलता हूँ” म्हणतो. सासूबाई रागावतात. “घरून निघतांनी असं बोलते का कोणी? येतो म्हण!”

तो खाली वाकून चपलेचा पट्टा लावत राहतो. “येतो म्हटलं तं यावं लागते, आई.”

संध्याकाळी तो वेळेवर परत येतो. तरीही सकाळी स्कूटर गेटाबाहेर पडेपर्यंत मी थांबते, आणि त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू “ये” म्हणते.