नाक्यावरची बत्ती

निजामी राजवटीच्या शेवटच्या हिवाळ्यात मी अंधार पडल्यावर कचेरीतून सायकलनं बेंबळीला परतायचो. तेल वाचवायला बत्ती विझवूनच. नाक्यावरचा शिपाई रोज अडवायचा. "मुन्शीजी, बत्ती लावा, कायदा हाय," म्हणत स्वतःच काडी ओढायचा आणि वात पेटेपर्यंत खोकत तळव्यांचा आडोसा धरायचा.

एका संध्याकाळी मी आधीच बत्ती लावून गेलो, तर त्यानं ती फुंकली. "माळावर आमचीच माणसं बंदुका घेऊन बसलेत. उजेड दिसला की गोळी घालतेत. ज्वारीतनं पायी जा."

"आन् तुमचं?"

"माझं ऱ्हाऊ द्या. निघा!"

दोनदा पडत मी घर गाठलं. दुसऱ्या दिवशी नाक्यावर वेगळाच शिपाई होता. पहिल्याचं काय झालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. पोरांना सांगताना मात्र मी विचारलं होतं, असंच सांगतो.