मैनेचं पोट आणि दाजींचा कान

माझे मोठे साडू माकणीला राहतात, आणि आपल्या मैना घोडीच्या पोटात काय चाललंय यापलीकडे त्यांना जगात काही दिसत नाही. मैनेला पोटशुळाचा जुना आजार. "पोरं कशी आहेत, दाजी?" विचारलं तर म्हणतात, "आज लीद झ्याक हाय." कडबा तिच्यापुढे टाकण्याआधी स्वतः चावून बघतात. ऐन माझ्या नाश्त्याच्या वेळी मोबाइलवर लिदीचा फोटो पाठवतात.

मी गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर. तरी सासरी मान दाजींनाच. घोडीच्या कुशीला कान लावून आतडं चालतंय की थांबलंय, हे ते बिनचूक सांगायचे. "आमच्या दाजींना नुसत्या कानानं कळतं," असं म्हणत बायको माझ्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बघते, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आणि ती घोडी! त्यांनी कान लावला की डोळे मिटते. मी जवळ गेलो की लाथ उगारते.

दसऱ्याला गल्लीतल्या बायका मैनेला ओवाळून पुरणपोळी भरवायला येतात. तिला ती सोसत नाही, आणि नैवेद्य परत पाठवायला दाजींचं मन धजत नाही. म्हणून तिच्या वतीनं ते स्वतःच खातात. यंदा अकरा पोळ्या खाऊन त्यांचंच पोट दुखू लागलं. ते आत जाऊन आडवे झाले आणि मागून आलेल्या बायकांनी थेट मैनेलाच भरवलं. दुपारी ती पायानं माती उकरू लागली, वळून वळून कुशीकडे बघू लागली. मी सणाला तिथंच होतो. इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून औषध सोडलं. दाजी एक हात स्वतःच्या पोटावर धरून तिला अंगणात फिरवत राहिले.

दिवस कलताना त्यांनी तिच्या कुशीला कान लावला. बराच वेळ लावला. "कायच वाजंना, पाव्हणं. गेली माझी मैना," म्हणाले आणि मटकन खाली बसले.

मी स्टेथोस्कोप लावला. आतडं छान गुरगुरत होतं. बायको, मेहुणी, निम्मी गल्ली बघत होती. हा क्षण मी किती वर्षं मनात रंगवला होता! मी वाकून हळूच म्हणालो, "वाजतंय की, दाजी."

"आं?" त्यांनी दुसरा कान पुढे केला.

मी स्टेथोस्कोप त्यांच्या कानांत घातला. त्यांचा चेहरा उजळला. "व्हय, वाजतंय!" ते ओरडले. मग खालच्या आवाजात, "ऐकू कमी यायलंय. लई दिस झालं, नुसत्या अंदाजानं सांगतोय. कुणाला बोलू नगा."

"बघा, दाजींना कळलंच," बायको मेहुणीला म्हणाली. माझा जळफळाट व्हायला हवा होता. झाला नाही, आणि त्याचंच मला फार वाईट वाटलं.