आधी डिकी दाखवा!

जुनी गाडी घेतलेल्या माणसाला "कशी काय मिळाली हो?" असं कधी विचारू नये. चहा गार होतो आणि गोष्ट काही संपत नाही. आमच्या गाडीचं तर बघायलाच नको! ती दारात उभी राहायच्या आधीच तिचे इतके किस्से साठले होते, की सेलूच्या बाजारात भाजी घेताना मी अजूनही एखादा सांगत बसते आणि हातातली कोथिंबीर मान टाकते. तुम्ही जरा निवांत दिसताय, म्हणून बसा.

आम्ही तिघी रोज सकाळी फिरायला जातो. मी, शकीलाआपा आणि अनसूयाकाकू. शकीलाआपा आमच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या. अर्ध्या सेलूची मापं त्यांना तोंडपाठ आहेत, आणि कुणाचं माप वाढलं हेही त्या लपवत नाहीत. अनसूयाकाकू साठीच्या पुढच्या. शेळ्या, शेत, सुना, सगळं करून आता गावात राहायला आलेल्या.

एक दिवस चालता चालता काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "मला सायकल शिकवा."

आपा म्हणाल्या, "अय्यो, ये उमर में? कायकू?"

"उमर काय सायकल इचारती का?" काकू म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकूंचे यजमान, बापूकाका, कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघायचं काम. उभा जन्म कालव्याच्या कडेनं सायकल मारण्यात गेला. आणि मागच्या साली अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हापासून उंबरा ओलांडायचं नाव नाही. मुलानं चाकाची खुर्ची आणून दिली, तर म्हणाले, "मला गठुड्यावानी ढकलू नका." त्या खुर्चीवर आता काकू सांडगे वाळवतात. रिक्षा नको, कुणाच्या खांद्याचा आधार नको. एकच धोशा, जाईन तर सायकलवर जाईन!

"आता त्यांना तर चालविता येत न्हाई," काकू म्हणाल्या, "मग कुणीतरी चालवाया पायजे का न्हाई?"

आपांनी पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि लगेच म्हणाल्या, "मेरेकू बी सिखाओ. मैं अकेली रस्ते पे खडी नै रहती!"

*

पहिला धडा गल्लीतच झाला. बापूकाकांच्या उंच दांड्याच्या सायकलवर लुगडं नेसून बसणं शक्य नव्हतं, म्हणून माझ्या लेकीची लेडीज सायकल काढली. काकूंनी एक पाय पायडलवर ठेवला मात्र, सगळी गल्ली बाहेर आली. गच्चीवरून सल्ले सुरू झाले. "म्होरं बघा!" "खाली बघू नगा!" "हँडल सैल धरा!" समोरच्या मावशींनी तर खुर्चीच आणून ठेवली.

काकू दोन घरांपर्यंत गेल्या आणि नळाच्या ओट्यावर जाऊन आदळल्या. लागलं काहीच नाही. पण दुपारच्या आत संभाजीनगरला मुलाला बातमी पोचली! त्याचा फोन आला. "आई, तू पडून पाय मोडून घेतलास तर बाबांना कोण बघणार?"

पोरगं काही चुकीचं बोलत नव्हतं. काकू दोन दिवस फिरायलाही आल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्या आल्या आणि हळूच म्हणाल्या, "गावाच्या बाहीर शिकविता येतं का? कुणी बघणार न्हाई अशा जागी?"

गावाबाहेर जायचं, म्हणजे एक काकूंना, एक आपांना अशा दोन सायकली आणि तीन बायका एका वेळी नेणारी गाडी पाहिजे. आमच्या ह्यांच्या डोक्यात जुनी गाडी घ्यायचं कधीपासून घोळत होतं. मी त्याच दिवशी म्हटलं, "चला, घेऊन टाकू!" हे इतके घाबरले की त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

*

आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. माणूस देवासारखा, पण 'एव्हरेज' या शब्दानं झपाटलेला. फॅन घेतला तरी दुकानदाराला विचारतील, "एव्हरेज काय?" एकदा लेकीला बघायला आलेल्या मुलालाही विचारलं होतं, "तुमचं एव्हरेज काय पडतं?" तो बिचारा गुणपत्रिकेतले मार्क सांगत बसला.

परभणीला एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेलो. ह्यांनी शोधून ठेवलेली सीएनजीवाली गाडी पुढं आली. पांढरीशुभ्र, सीटांवर अजून प्लास्टिक. दुकानदार म्हणाला, "काका, इतकं एव्हरेज देती की पंपवाला तुमाला इसरून जाईल!" ह्यांचा चेहरा नुसता उजळला.

मी म्हटलं, "आधी डिकी दाखवा."

त्यानं डिकी उघडली. आत आडवा टाकलेला मोठा सिलिंडर! शेजारी एक पिशवी राहील एवढी जागा.

"अहो, मग ह्यात ठेवायचं काय?"

तो शांतपणे म्हणाला, "ताई, गॅस!"

*

त्याच दुकानात दुसरी एक गाडी जरा लांबोडकी दिसली. आता डिकीत सायकल मावेल की नाही, हे कळणार कसं? टेप आणलेला नव्हता. पण माप माझ्याकडे होतं. निघायच्या आदल्या दिवशी घरी मी सायकल आडवी टाकली होती आणि तिच्या शेजारी झोपून बघितलं होतं. सायकल माझ्यापेक्षा दीड वीत लांब भरली. (तेवढ्यात सासूबाई आल्या आणि ओरडल्या, "अगं, पडलीस का मेलीस?")

तर मी चपला काढल्या, डिकीत चढले, आडवी झाले आणि डोक्याच्या वर हात करून दीड वीत मोजली. हात डिकीच्या बाहेरच! ह्यांनी एकदम दुसऱ्याच गाडीच्या टायरला लाथा मारायला सुरुवात केली. जणू ही बाई आपल्यासोबत आलेलीच नाही!

दुकानदार जवळ आला. आवाज खाली आणून, अगदी काळजीनं म्हणाला, "ताई, पेशंट न्यायचाय का कुणी घरातला?"

*

परत येताना रेल्वेत ह्यांनी विचारलं, "हे काय चाललंय तुझं?" मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. काकूंचं, बापूकाकांचं, सांडग्यांच्या खुर्चीचं.

हे खिडकीबाहेर बघत राहिले. पेडगाव गेलं, मानवत रोड गेलं, तरी हे बोलेनात. मला वाटलं चिडले. माझ्या सासऱ्यांचं शेत कालव्याच्या शेवटाला होतं, पाणी पोचायची मारामार. आणि बापूकाका सायकल बांधावर टाकून, पाणी शेवटच्या सरीपर्यंत जाईस्तोवर तिथं बसून राहायचे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सेलू आलं तेव्हा हे उठता उठता म्हणाले, "मग सिलिंडर नको आपल्याला."

इतक्या वर्षांच्या संसारात मला इतकं गोड दुसरं काही ऐकल्याचं आठवत नाही.

*

पुण्याहून लेकीचा सल्ला आला. "आई, तू डीलरला नीट सांगत नाहीस. म्हणावं, आम्हाला बाईक्स कॅरी करायच्यात." मी शहाणपणानं तसंच जिंतूरच्या एका दलालाला फोनवर सांगितलं, "गाडीत दोन बाईक मावायला पाहिजेत."

"किती सीसीच्या?"

"सीसी न्हाई हो, पायडलच्या."

"म्हंजी मोपेड?"

"मोपेड न्हाई. पायानं मारायच्या!"

"किकच्या म्हणा की!" तो खूश होऊन म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत त्यानं मला तीन टेम्पो आणि एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे फोटो पाठवले.

*

शेवटी गाडी मिळाली ती झरीला. एका शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या घरची. सात सीटांची, डिझेलची, जरा ठेचकाळलेली. शकीलाआपाही आमच्यासोबत आल्या होत्या. मी काही म्हणायच्या आतच मालकानं मागचं दार उघडलं. आत मागची सीटच नव्हती! सपाट फळी आणि भरपूर जागा.

"शेळ्या नेतो बाजाराला," तो म्हणाला. "सीट काढून माळ्यावर ठेवलीय."

आपांनी आत डोकं घालून वास घेतला, नाक मुरडलं, आणि निकाल दिला. "बकरी बैठती तो सायकल बी बैठती. ले लेव!"

तेवढ्यात ह्यांनी करायचं तेच केलं. "एव्हरेज काय देती?"

मालकानं प्रामाणिकपणे विचारलं, "शेळ्या धरून का शेळ्या सोडून?"

निघताना त्याची बायको बाहेर आली. गाडीला हळदीकुंकू लावलं, बोनेटवरून हात फिरवला. "लेकीच्या बाळंतपणात हिनंच येळेवर पोचविलं आमाला," ती म्हणाली. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "दादा, थंडीची लगीच उठत न्हाई ती. वरडू नका तिला. जरा दमानं घ्या."

हे अजूनही थंडीत गाडी सुरू करताना काही बोलत नाहीत. पुटपुटतात, पण बाहेर उतरून!

*

माळ्यावरची ती मागची सीटही मालकानं सोबत दिली. घरात ठेवायला जागा नव्हती, म्हणून ओट्यावर मांडली. सासूबाईंना ती अशी काही आवडली, की दुपारचा चहा, पोथी, भांडणं, सगळं तिथंच. पट्टासुद्धा लावून बसतात.

सासूबाईंना गाडी फार लागते. सेलू ते मानवत जायचं तरी लिंबू, आलं, पिशवी असा सगळा सरंजाम लागतो. शेजारणीनं विचारलं, "कशी काय हाय नवी गाडी?"

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "झ्याक हाय. अजिबात लागत न्हाई!"

*

मग चारठाण्याच्या रस्त्याला एका माळावर आमची शाळा भरायला लागली. रोज पहाटे डिकीत दोन सायकली, पुढं आम्ही तिघी, आणि हे ड्रायव्हर. काकू पडायच्या, उठायच्या, लुगडं झटकायच्या, परत चढायच्या. आपा मागं कॅरियर धरून पळायच्या.

"छोड्डी क्या?" काकू विचारायच्या. दोन आठवड्यांत त्या आपांची भाषासुद्धा शिकल्या होत्या.

"नै छोडी, नै छोडी!" आपा ओरडायच्या. कधीच्याच हात सोडून मागं कमरेवर हात ठेवून उभ्या असायच्या!

आपा स्वतः मात्र काही शिकल्या नाहीत. "मेरा बॅलन्स जबान में है," म्हणतात.

काकूंना एकटीनं जमायला लागलं, तसं डबलसीटचं बघायचं ठरलं. माणूस पाडून चालणार नव्हतं. ह्यांनी जिनिंगमधून सरकीचं एक पोतं आणलं आणि अंदाजानं बापूकाकांच्या वजनाचं भरून कॅरियरला बांधलं. काकूंनी पोत्याला दोन्ही हातांनी जरा उचलून बघितलं.

"लय भरलं बाई," त्या म्हणाल्या. "आता एवढे कुठं ऱ्हायलेत ते."

आणि त्यांनी पोत्याचं तोंड सोडून ओंजळी ओंजळीनं सरकी काढायला सुरुवात केली. परत उचलून बघायच्या, परत काढायच्या. रोज रात्री कूस बदलून देणाऱ्या हातांना वजन बरोबर माहीत होतं. हे उगीच गाडीचं बोनेट उघडून आत बघत बसले.

*

तो दिवस ठरला. संभाजीनगरच्या मुलाला सांगितलं नव्हतं. काकूंनी बापूकाकांना धुतलेलं धोतर नेसवलं, टोपी घातली. गाडी बघून काका अडून बसले. "गाडीत... न्हाई."

"गाडीत कुठं जायचंय?" काकू म्हणाल्या. "सायकलीपस्तोर जायचंय."

त्यांनी वळून डिकीत पाहिलं. सायकल दिसली तेव्हा कुठं पुढच्या सीटवर टेकले.

कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर लेकीची तीच लेडीज सायकल उतरवली. काकांनी चांगल्या हातानं मागचं टायर दाबून पाहिलं, ब्रेक ओढून पाहिला, मान हलवली. कॅरियरवर गादी बांधली होती, पाय ठेवायला दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू लावून घेतले होते. आपांनी जाड कापडाचा रुंद पट्टा शिवून आणला होता, तो त्यांनी दोघांच्या कमरेभोवती बांधला. मापं घ्यायला त्यांना टेप लागत नाहीच. काका लाजले. काकू त्यांच्याहून जास्त लाजल्या.

ह्यांनी एका बाजूनं धरलं, मी दुसरीकडून. काकूंनी पायडल मारलं. सायकल जरा डुलली. आणि मग ती सरळ झाली, आणि आमच्या हातातून निघूनच गेली.

आम्ही पळत गाडीत बसलो आणि पहिल्या गिअरवर त्यांच्या मागं मागं निघालो. डिझेल भसाभसा जळत होतं, आणि हे एका शब्दानं एव्हरेजबद्दल बोलले नाहीत. आपा खिडकीबाहेर डोकं काढून रडत होत्या आणि काकूंना ओरडून सांगत होत्या, "नै छोडी, नै छोडी!"

कालव्यात पाणी होतं. दोन्हीकडं हरभरा उभा होता. समोरून मोटारसायकलवर एक शेतकरी आला. आधी तसाच पुढं गेला, मग करकचून ब्रेक मारला, वळला आणि सायकलीच्या बरोबरीनं चालवायला लागला.

"बापूकाका! तुमी? लय दिसानं! कुठं निघालात?"

वर्षभर ज्या माणसाचा शब्द घरातल्यांनाही दोनदा विचारून घ्यावा लागत होता, तो बायकोच्या पाठीमागून, सगळ्या कालव्याला ऐकू जाईल असा खणखणीत बोलला,

"मला काय इचारायलास? डायवरला इचार!"