सातव्या मजल्याचे महापौर

गेल्या शनिवारी सकाळी साडेदहाला शारजातल्या माझ्या फ्लॅटची बेल वाजली नाही... मी मात्र दहालाच आवरून बसले होते.

मी मूळची चिपळूणची, ड्रेनेज इंजिनिअर. पावसाचं पाणी शहरातून बाहेर कसं काढायचं, याची मॉडेल्स करते. ऑफिस दुबईत, घर शारजात, उरलेला वेळ दोन्हींच्या मधल्या ट्रॅफिकमध्ये. तीन वर्षांत मजल्यावरच्या एकाच शेजारणीचं नाव मला माहीत होतं... आणि ही सोय माझी मीच करून घेतली होती.

ती शेजारीण म्हणजे रीनी, इंडोनेशियाची, नर्स. तीन महिन्यांपूर्वी तिचे वडील व्हिजिट व्हिसावर आले. ती त्यांना 'बापाक' म्हणते, म्हणून मीही.

पहिल्याच शनिवारी त्यांनी माझी बेल वाजवली. इस्त्रीचा बाटिक शर्ट, हातात वही, मोजकं इंग्लिश. प्रश्न तीनच. पाणी नीट येतं? कचरा वेळेवर उचलतात? घरात कुणी आजारी आहे?

मला वाटलं, मेंटेनन्सवाले. मी मुद्देसूद सांगितलं... किचनच्या नळाला प्रेशर नाही, डावी लिफ्ट पाचव्यावर अडकते, आजारी कुणी नाही. ते सगळं लिहून घेत होते, तेवढ्यात रीनी धावत आली.

"बापाक, खलास, बस झालं! हे तुमचं शहर नाही!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सॉरी. दहा वर्षं मेयर होते. सवय जात नाही."

मंगळवारी माझ्या नळाला प्रेशर आलं. बिल्डिंगच्या नातूरला, म्हणजे आपल्या वॉचमनला, त्यांनी रोज खाली जाऊन गप्पांत गुंतवलं होतं आणि शेवटी व्हॉल्व्ह साफ करून घेतला होता.

मग दर शनिवारी दारातच थोडी थोडी हकीगत कळत गेली. शिंप्याचा मुलगा, शाळेत भूगोलाचे मास्तर. गाव समुद्राकाठचं, सखल. पावसात वर्गात पाणी शिरायचं आणि मुलं बाकांवर उभी राहायची. त्या रागातून आधी गल्लीचे प्रमुख झाले, मग नगर परिषदेत गेले, मग मेयरपदाला उभे राहिले. तिथे मेयरला लोक थेट निवडतात आणि शहरही तोच चालवतो, नुसत्या फिती कापत नाही.

पहिल्यांदा हरले. सभा मोठ्या झाल्या होत्या, पण नदीपलीकडच्या वस्तीत त्यांनी पाऊलच टाकलं नव्हतं. त्यानंतर दर शनिवारी वही घेऊन घरोघरी... पुढची निवडणूक जिंकली, त्यापुढचीही. तिसऱ्यांदा कायदा उभं राहू देत नाही.

त्यांनी गटारं रुंद केली, पंप बसवले. मी खवचटपणे पंपांची कपॅसिटी विचारली, तर त्यांनी बरोबर युनिटसकट सांगितली. तिथे मला ते आवडले. कालव्याकाठची टपऱ्यांची रांग हटवली तेव्हापासून तिथल्या बायका आजही त्यांच्याशी बोलत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. आणि पद गेल्यावर फोन वाजायचा थांबला, हे सांगताना हसले.

महिन्यापूर्वी मला ताप आला. तिसरा दिवस होता. आईचा फोन आला, "आवाज का गं असा?" म्हटलं, "एसीमुळे."

मग शनिवारची बेल. मी साखळी न काढता दार चार बोटं उघडलं. पाणी? ठीक. कचरा? ठीक. आजारी? "कुणी नाही. ऑल गुड."

त्यांनी लिहिलं नाही. वही मिटली आणि गेले.

दहा मिनिटांनी पुन्हा बेल. या वेळी बरोबर रीनी, तिच्या हातात थर्मामीटर, त्यांच्या हातात आलं घातलेल्या पेजेचा डबा. मी जरा चिडूनच म्हटलं, "सांगितलं ना, कुणी नाही."

ते तिथेच उभे राहिले. म्हणाले, दुसऱ्या टर्ममध्ये पूर आला होता, दुपारची वेळ, मी पंप हाऊसजवळच्या वस्तीत दारोदार फिरत होतो. घरी फोन केला. बायको म्हणाली, "मी बरी आहे, तुम्ही लोकांकडे बघा." मी पुढच्या घराकडे गेलो. संध्याकाळी तिला हॉस्पिटलमध्ये नेलं... ती परत आली नाही.

"त्या दिवशी प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारलं, इंजिनिअर. फक्त माझ्या घरचं उत्तर फोनवर घेतलं." मग म्हणाले, "रीडिंग साइटवर जाऊनच घ्यायचं असतं ना?"

मी साखळी काढली. एकोणचाळीस पॉइंट चार, म्हणजे आपला एकशेतीन ताप. रीनीने थर्मामीटर माझ्यासमोर धरला. "हे तुझं ऑल गुड? यल्ला, चल, झोप आता." पुढचे दोन दिवस माझी किल्ली तिच्याकडेच होती.

गेल्या बुधवारी त्यांचा व्हिसा संपला आणि ते परत गेले. रीनी एअरपोर्टवरून आली ती थेट ड्युटीवर गेली. शनिवारी साडेदहा वाजले, पावणेअकरा झाले... मजला नेहमीसारखाच शांत. मला तो पहिल्यांदाच ऐकू आला.

अकराला मीच बापाकना फोन लावला. पाणी येतं का? येतं. कचरा? उचलतात. घरात कुणी आजारी? "नो, नो. ऑल गुड, इंजिनिअर."

म्हटलं, "साइट दाखवा."

ते हसले आणि कॅमेरा चालू केला. टाइल्सचा ओटा. बाहेर एकच चपलांचा जोड. टेबलावर झाकून ठेवलेलं एक ताट. समोर दोन खुर्च्या, एकीवर वह्यांचा गठ्ठा. त्यांचं जेवण होईपर्यंत मी फोन ठेवला नाही.

नंतर मी आईला फोन लावला... कॅमेरा चालू ठेवून.