बिटाची पावडर आणि पहिला थर

आधीच सांगते, ती पावडर मी माझ्या खुशीने घेतली. मला कुणी फसवलं नाही, कुणी गळ्यात मारली नाही. आणि तिचा काहीच फायदा झाला नाही असंही मी म्हणणार नाही, कारण झाला. आमच्याकडे बाईने पन्नाशीनंतर स्वतःच्या अंगासाठी काही केलं की घरादाराची चौकशी समिती बसते. त्या समितीपुढे मी तेव्हाही मान खाली घातली नाही, आणि आत्ताही घालणार नाही.

घाटकोपर पश्चिमेला चढावर आमची चाळवजा बिल्डिंग आहे. गुरुपौर्णिमेला आमच्या महिला गोविंदा पथकाचा नारळ फुटतो आणि सराव सुरू होतो. मी त्या पथकात पहिल्या थरात उभी राहते. पहिला थर म्हणजे सगळ्यात खालचा, ज्याच्या खांद्यांवर बाकीच्या चढतात. टीव्हीवर तो दिसत नाही, कॅमेरा कायम वरच्या पोरीकडे असतो. लहानपणी माझे भाऊ थर लावायचे आणि मी गॅलरीतून त्यांच्या अंगावर बादलीने पाणी ओतायची. मुलींचं काम तेवढंच होतं. त्यामुळे मुलगा नोकरीला लागला, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घर जरा मोकळं झालं तशी मी पहिल्यांदा काय केलं असेल तर पथकात नाव दिलं.

"आई, तुझं वय काय, तू करतेस काय!" मुलगा म्हणाला.

"वय माझं आहे ना? मग मी बघते."

पण खरं सांगायचं तर दम कमी पडत होता. वर तीन थर चढले की माझा श्वास वर यायचा आणि मांड्या थरथरायच्या. प्रेशरची गोळी रोज सकाळी चालू होतीच. माझी धडपड बघून शेवटी मुलालाच माया आली आणि त्याने जिममध्ये घेतो तो डबा माझ्यापुढे ठेवला. लालभडक पावडर. त्यात बीट होतं आणि आर्जिनिन, सिट्रुलिन अशी दोन आडनावं वाटावीत अशी काही द्रव्यं होती. त्याने मोबाईलवर वाचून सांगितलं की याने अंगात नायट्रिक ऑक्साइड वाढतं, रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त भराभर पळतं आणि दम टिकतो. "झकास काम करतं, आई. आमच्या जिममधले सगळे घेतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला संडासात लाल रंग दिसला आणि माझी पाचावर धारण बसली. ऑफिसला दांडी मारून डॉक्टरकडे निघाले होते, तेवढ्यात मुलाने सांगितलं की तो बिटाचा रंग आहे. तो तासभर हसत होता. मीही हसले, पण चपला काढल्यावर.

मग मात्र फरक पडायला लागला. आमच्या चढावर मी मध्ये एकदा कठड्याला टेकायची, ते थांबलं. सरावात मांड्या थरथरणं कमी झालं. औषधाच्या दुकानात प्रेशर मोजलं तर आकडा नेहमीपेक्षा खाली. मी तो आकडा नवऱ्याला दाखवला, सासूबाईंना दाखवला, शेजारणीला दाखवला. नवऱ्याच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय. तो म्हणाला, "मलापण दे की चमचाभर." मी म्हटलं, थांब, आधी माझ्यावर बघू.

श्रावण लागला. आमच्या घरात श्रावणी सोमवार कडक असतो. सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्या श्रावणात हा उपास दिला आणि मी तो बाळंतपणातही मोडला नाही. दिवसभर काही नाही, संध्याकाळी दिवेलागणीला शंकराला नैवेद्य दाखवून मग जेवायचं. चहा चालतो, फळ चालतं. आता प्रश्न आला पावडरीचा. मी सासूबाईंना विचारलं, बीट उपासाला चालतं का? त्यांनी खूप विचार केला. रताळं चालतं, बटाटा चालतो, बीट जमिनीतलंच, मग चालत असणार. मला उत्तर आवडलं. दिवसभर पोटात काही नाही, संध्याकाळी सराव आहे, तर जेवणाच्या ऐवजी हेच दोनदा घेऊ, असा मी हिशेब केला. सकाळी गोळी, वर पावडर. दुपारी पुन्हा पावडर. पाणी नेहमीसारखं कमीच, कारण ऑफिसातल्या बाथरूमची अवस्था आमच्या ऑफिसातल्या बायकांनाच माहीत आहे.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर आम्ही कडं धरलं. कडं म्हणजे आम्ही खालच्या बायका एकमेकींच्या दंडांना घट्ट धरून गोल उभ्या राहतो. माझ्या खांद्यावर नेहमी एकच मुलगी चढते. मागच्या गल्लीतली, कॉलेजात शिकणारी, मला काकी म्हणणारी. ती माझ्या मांडीवर पाय ठेवून वर गेली, तिच्या वर दुसरी गेली. आणि मला मैदानाच्या कडा काळ्या पडताना दिसल्या. कान बंद झाले. मी ओरडले, "उतरा! उतरा गं!" एवढंच मला जमलं. मग माझे गुडघे गेले.

मागच्या बायकांनी वरचीला झेलली. माझ्या खांद्यावरची मुलगी मात्र वेडीवाकडी उतरली आणि तिचा पाय घोट्यात मुरगळला. मी शुद्धीवर होते, मला सगळं दिसत होतं. ती जमिनीवर बसून पाय धरून रडत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

आमची प्रशिक्षक माझ्याहून बरीच लहान आहे, तरी सगळ्या तिला ताईच म्हणतात. तिने मला लिंबूपाणी दिलं, मी काय काय घेतलं ते विचारून घेतलं आणि मग सरळ म्हणाली, "काकी, तू थरात नाही यायचं. मागून पाठीवर हात लाव."

"डॉक्टरला विचारून येते," मी म्हटलं.

"ये. पण ती पोरगी तुझ्यावर चढायला तयार झाली तरच तुला पुढे घेणार. मी कुणाला जबरदस्ती करणार नाही."

घरी तर जत्राच भरली होती. मुलगा रडकुंडीला आलेला, सासूबाई म्हणतात हे थराचं खूळ आता पुरे. पुरे काय पुरे! पावडर दिलीत तुम्ही, उपास दिलात तुम्ही, आणि बंद काय करायचं तर माझा थर? मला भयंकर राग आला. राग त्यांचा होता आणि त्याहून जास्त त्या मुरगळलेल्या पायाचा होता.

दुसऱ्या दिवशी मी डबा पिशवीत घालून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मला झोपवून प्रेशर घेतलं, उभं करून घेतलं, कार्डिओग्राम काढला. मग डबा फिरवून फिरवून वाचला.

"यातलं बीट काही वाईट नाही," ते म्हणाले. "प्रेशर थोडं उतरतं, व्यायामात थोडा दम टिकतो, हे खरं आहे. थोडा, बरं का. पण तुमची गोळीही प्रेशरच उतरवते. दोन्ही एकदम, वर उपाशी, वर पाणी नाही. मग काय होणार?"

"वाट लागणार," मी म्हटलं.

"लागलीच. आणि या बाकीच्या पावडरींचं प्रमाण डब्यावर धड लिहिलेलंही नाही. कुणाचं पोट बिघडतं, कुणाला चक्कर येते. मुतखड्याचा त्रास असेल त्याने तर बिटाचाही अतिरेक करू नये. घरात आणखी कोण घेतं?"

मी नवऱ्याचं सांगितलं, मागत होता म्हणून. डॉक्टर खुर्चीत पुढे झाले. "त्यांना छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली आहे ना? तीही रक्तवाहिन्या सैल करते. त्यांना चमचाभरही द्यायची नाही." मी थांब म्हटलं होतं ते केवळ काटकसर म्हणून, डबा महाग होता.

शेवटी जे विचारायला गेले होते ते मी विचारलं. "थरात उभी राहू की नको?"

मला वाटलं, आता हेही म्हणणार, वय झालं. त्यांनी कार्डिओग्राम पुन्हा बघितला. "प्रेशर आटोक्यात आहे, हृदय ठीक आहे. गोळी चुकवायची नाही, डबा बंद, जेवून, पाणी पिऊन जायचं. पुन्हा चक्कर आली तर मात्र मी नको म्हणेन."

मी डबा मुलाला परत दिला. त्याला म्हटलं, तुला प्रेशर नाही, तुला झेपत असेल तर घे, पण तूही एकदा डॉक्टरला दाखव. आणि पुढच्या सोमवारी ऑफिसला जाताना जेवणाच्या डब्यात भात, आमटी, भाजी भरली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"आज सोमवार."

"माहीत आहे."

"श्रावणातला."

"तेही माहीत आहे. सगळ्यांनी मला थर सोड म्हटलं. मी उपास सोडला."

त्या वळून आत गेल्या. कितीतरी दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं होतं. शंकर माझ्यावर कोपला असेल तर त्याने मला तसं कळवलेलं नाही.

सरावाला मी रोज गेले आणि सांगितल्याप्रमाणे मागून पाठीवर हात लावून उभी राहिले. आधी मोजत नव्हते ते पाणी आता बाटलीने प्यायची. दम पुन्हा आधीसारखा झाला, म्हणजे कमी. मग मी रोज चढ दोनदा चढायला लागले. ती मुलगी पाय बरा झाल्यावर दुसऱ्या बाईच्या खांद्यावर चढायची. मी तिची माफी मागितली, ती "असू दे काकी" म्हणाली, पण माझ्या बाजूला काही फिरकली नाही. मला त्याचं वाईट वाटत होतं आणि तिचं बरोबर होतं. मी तिच्या जागी असते तर मीही चढले नसते.

गोकुळाष्टमीलाही मी जेवले. दहीहंडीच्या सकाळी उठले तर घरभर वास. सासूबाईंनी पारण्याच्या आंबोळ्या टाकल्या होत्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं. उपास त्यांनी केला होता, माझा नव्हताच. मी आपली चहा घेऊन बाजूला बसले. त्यांनी माझ्यापुढे ताट आणून ठेवलं आणि त्यांच्या मालवणीत म्हणाल्या,

"तुका थंय उभी रवाचा आसा मा? मगे जेव गो."

मी तीन आंबोळ्या खाल्ल्या आणि चौथी त्यांनी न विचारता वाढली. निघताना त्यांनीच पाण्याची बाटली भरून दिली.

नाक्यावर आमचं पथक जमलं. ताईने कडं लावायला सुरुवात केली आणि पहिल्या थरातली एक जागा मोकळी ठेवली. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या मुलीकडे बघत होती. स्पीकरचा दणदणाट होता, वर हंडी हलत होती. मुलगी माझ्यापुढे आली. तिने माझा चेहरा नीट बघितला, हातातली अर्धी झालेली बाटली बघितली.

"काकी, जेवलीस?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. मी मोकळ्या जागेत शिरले, दोन्ही बाजूंच्या बायकांचे दंड धरले आणि तिच्यासाठी मांडी पुढे केली.

"जेवले. चढ."