डोकं, पाय आणि बोरकरकाका

बोरकरकाका कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी तिथली नवी वस्तू हेरायचे आणि विचारायचे, "उद्या तू नाही राहिली तं हे चालवन कोन?" माझ्या आईला हा प्रश्न त्यांनी वॉशिंग मशीनवरून विचारला होता. एका लग्नात त्यांनी तो प्रोजेक्टरवाल्याला विचारला, तर तो बिचारा जेवायला न जाता मशीनपाशीच उभा राहिला.

दोष त्यांचा नव्हता, शिफ्टचा होता. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांनी सारी नोकरी पाळ्यांमध्ये काढली. तिथे पाळी संपली म्हणून कुणी घरी जात नाही. पुढचा माणूस यावा लागतो, आणि काय चालू, काय बंद, कशाला हात लावायचा नाही, हे रजिस्टरात लिहून त्याला चार्ज द्यावा लागतो. निवृत्त झाल्यावर काकांनी आमच्या सेक्टर सहाच्या मराठी मंडळाच्या कपाटातही असंच एक रजिस्टर आणून ठेवलं.

मंडळाची वेबसाइट त्यांनीच, उतारवयात शिकून, बनवली होती. अकरा पानं. प्रत्येक पानाचा वरचा भाग एका फायलीत, खालचा दुसऱ्या फायलीत, आणि पानात फक्त त्या दोन फायली ओढून आणणाऱ्या दोन ओळी. फायलीत एकदा बदल केला की अकराही पानं बदलत. "वर डोकं, खाली पाय," काका सांगायचे. "मधात पोट. पोट ज्याचं त्याचं, डोकं-पाय साऱ्याईचे एकच." रंग मात्र धोक्याच्या पाटीसारखा, पिवळा आणि काळा. पायात रक्तासाठीचा फोन नंबर असे. मंडळाकडे रक्तदात्यांची यादी होती, दर आठवड्याला वेगळं कुणीतरी फोन सांभाळी, आणि सोमवारी सकाळी काका नंबर बदलत.

अशात मी पुण्याहून परतले. नोकरी लॅपटॉपवर होती आणि हवा डोक्यात. काकांची साइट पाहून मला हसू आवरेना. कार्यकारिणीसमोर मी फ्रेमवर्कवर, म्हणजे साइट बांधायच्या तयार सांगाड्यावर, रीतसर भाषण दिलं. टेम्प्लेट असतील, कंपोनंट असतील, शेवटी सगळं एकत्र बांधून साइट तयार होईल. आत्ताचं हे स्केल होणार नाही, असंही म्हणाले.

"स्केल म्हंजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे उद्या माणसं वाढली तर."

"मंडळातले लोक तं कमी होऊन राहिले, पोरी."

अध्यक्ष देशकर साहेब, ज्यांचा मेलचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला असे, म्हणाले, "भई, मॉडर्न तो होना चाहिए." ठराव एकमताने पास झाला. कंपोनंट म्हणजे काय, हे कुणीच विचारलं नाही, त्यामुळे विरोधाला जागा उरली नाही. काकांनी फक्त आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणाले, "मी आहे ना." तेही इतिवृत्तात नोंदवलं गेलं.

अकरा पानांसाठी माझ्या लॅपटॉपवर हजारो फायली उतरल्या. काका चष्मा वर करून ती यादी सरकताना बघत राहिले. "एक ताट वाढाले भांड्याचं दुकान कावून आणलं तू?" त्यांनी विचारलं. मी त्यांना चहा दिला.

नवी साइट देखणी झाली. फोटो आपोआप सरकत. सोमवारी काका मला नंबर कळवत, मी साइट पुन्हा बांधून चढवत असे. मग मावसबहिणीच्या लग्नाला वर्ध्याला निघण्याच्या आदल्या दिवशी मी हौसेनं फ्रेमवर्कची नवी आवृत्ती घातली, आणि साइट बांधलीच जाईना. आल्यावर बघू म्हणून सोमवारी मी निघाले. नंबर मागच्या आठवड्याचाच, मेश्रामताईंचा, राहिला. त्यांची पाळी संपली होती, त्या लेकीकडे जायला विमानात बसल्या होत्या आणि फोन बंद होता.

त्याच दिवशी जवळच्या कुम्हारीतल्या एका माणसाच्या बायकोला बाळंतपणात रक्त हवं होतं. साइटवरचा नंबर लागेना, तेव्हा तो मोटारसायकलवर मंडळाच्या दारात आला. दारावर काकांच्या अक्षरात नवा नंबर लिहिलेला कागद होता. साइट माझ्या ताब्यात गेल्यापासून दर सोमवारी ते तो चिकटवत, हे मला माहीतच नव्हतं. रक्त मिळालं, बाई वाचली. मला हे आईनं फोनवर सांगितलं तेव्हा माझे हात मेंदीनं भरले होते, आणि मला त्या हातांची लाज वाटली.

मी परतले तर काका रागावले नाहीत. रजिस्टर पुढे सरकवलं. "चार्ज लिही. नंबर कसा बदलवाचा, तेवढंच."

मी लिहायला बसले. आधी हे बसवा, मग ती आवृत्ती तपासा, मग हा आदेश द्या, चूक आली तर अमुक करा. चौथं पान लागलं तेव्हा मी पेन ठेवलं. मागच्या एका पानावर काकांची जुनी नोंद होती: पाय उघडा, नंबर बदला, जतन करा.

मी जुनी साइट परत आणली. काका म्हणाले, "तुयं खराब नाही. हजार पानं राहिले, दहा लोक कामाले राहिले, तं तेच लागते. पन चहासाठी फर्नेस नाही पेटवत बाप्पा." त्या सोमवारपासून त्यांनी स्वतः नंबर बदलणं सोडलं. कधी मला बसवत, कधी देशकर साहेबांना, आणि आपण मागे हात बांधून उभे राहत. साहेबांची एक चूक सुधारायला अर्धा तास लागे, पण काकांनी कधी माउसला हात लावला नाही.

थंडीत काका गेले. मी डोक्याची फाइल उघडली. वर, पानावर न दिसणारी त्यांची ओळ होती: "मंडळातलं कोनी गेलं तं नाव इथं लिहा. सात दिवसानं काढा." मी नाव लिहिलं. अकराही पानांवर बोरकरकाका आले.

सातव्या दिवशी मी तापानं अंथरुणात होते. खरं सांगायचं तर ताप हे निमित्त होतं, ते नाव काढायला माझा हात धजला नसता. दोन दिवसांनी साइट उघडली तर नाव नव्हतं. क्षणभर संतापच आला. तशीच शाल गुंडाळून मंडळात गेले आणि रजिस्टर काढलं. देशकर साहेबांच्या अक्षरात नोंद होती: "बोरकरांचं नाव काढलं. फोन नंबर बदलला. साइट चालू आहे. चार्ज घेतला."

मी तिथेच बसून रडले.